सतरापैकी सतरा

तक्त्यात सतरा ओळी होत्या आणि सात रकाने. नाव, पत्ता, फोन, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, कुठलं पत्र, कधी पाठवलं, आणि शेवटचा रकाना: कळवलं. या शेवटच्या रकान्याचं सूत्र मी लिहिलं होतं. पत्र टपालात पडल्याची तारीख भरली की चौकट आपोआप हिरवी व्हायची. सूत्र लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. तेव्हा मला ते नीटनेटकं वाटलं होतं.

तेवीस जानेवारीला दुपारी साडेतीन वाजता सतराच्या सतरा चौकटी हिरव्या झाल्या. पाचवी ओळ मार्नी हॉस्किंगची होती.

हॅरो लेकच्या हॉस्पिटलात जनसंपर्काचं काम दोघी बघायचो. ग्वेन ट्रेव्हॅरो आणि मी. ग्वेन तिथे सव्वीस वर्षं होती. मी जीवशास्त्र शिकून गावी परतले तेव्हा प्रयोगशाळेत जागा नव्हती. ग्वेन म्हणाली, “शब्दांचं मी बघते. तुला आकडे कळतात, ते तू बघ. टाइमी, या खोलीत आजवर टक्केवारी काढता येणारं माणूस आलेलं नाही.” मी आनंदाने गेले.

पहिल्याच हिवाळ्यात नवे नियम आले. गरिबांच्या सरकारी विम्यातून हॉस्पिटलला मिळणारे दर खाली आले, आणि आमच्याकडच्या दहातल्या सहा बाळंतपणांचा खर्च त्याच विम्यातून यायचा. डिसेंबरमध्ये विश्वस्तांनी ठरवलं: प्रसूती विभाग एक एप्रिलपासून बंद. ही बातमी आम्ही व्यवस्थित दिली. शिकागोच्या सल्लागाराने आम्हाला एक शिडी आखून दिली होती, कोणाला आधी सांगायचं, कोणाला नंतर. विश्वस्त, मग डॉक्टर आणि नर्सेस, मग मोठे देणगीदार, मग आमदार, मग वर्तमानपत्र. पेशंट सगळ्यात खालच्या पायरीवर. तरी आठवड्याभरात गावातल्या प्रत्येकाला एक एप्रिल ही तारीख पाठ झाली. रेडिओवर आली, चर्चच्या पत्रकात आली, किराणा दुकानाच्या दारावर लागली.

मग जानेवारीत प्रसूती विभागातल्या चार नर्सेसपैकी दोघींनी पोर्ट ॲडलरच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरली. त्यांना दोष कसा द्यायचा? विभाग बंद होणार हे आम्हीच तर त्यांना सांगितलं होतं. उरलेल्या दोघींच्या जिवावर तो चालवणं शक्य नव्हतं. तारीख दोन महिने अलीकडे आली. एक फेब्रुवारी.

ही दुसरी बातमी आम्ही दिली नाही. म्हणजे दिली, पण हळू आवाजात.

कारण वीस फेब्रुवारीला लॅन्सिंगला, राज्याच्या राजधानीत, सुनावणी होती. अडचणीतल्या ग्रामीण हॉस्पिटलांसाठी राज्याने एक निधी ठेवला होता. तो मिळाला तरच आमचा तातडीचा विभाग पुढची दोन वर्षं चालणार होता. आमच्या अर्जात लिहिलं होतं की बाळंतपणं मार्चअखेर इथेच होतील, विभाग बंद करण्याचं काम शिस्तीत चालू आहे. सल्लागार पडद्यावरून म्हणाला, “सुनावणीच्या चार आठवडे आधी तारीख बदलल्याचं पत्रक काढलंत, तर समिती एकच प्रश्न विचारेल. यांच्याकडे आणखी काय काय कोसळतंय?”

“आणि बायकांना?” मी विचारलं.

“एक फेब्रुवारी ते एकतीस मार्चमध्ये किती जणी आहेत?”

“सतरा.”

“मग सतरा पत्रं. पत्रकाची गरजच काय?”

मी म्हणाले, “सतराच आहेत तर फोन करू या. एका दुपारीत होईल.”

ग्वेनने चष्मा कपाळावर सरकवला. “फोन म्हणजे गप्पा आल्या. समोरची विचारणार, का? कोण सोडून गेलं? निधी नाही मिळाला तर? तू काय उत्तर देणार, आणि ती तासाभरात फेसबुकवर काय टाकणार? पत्र आपल्या हातात राहतं, पोरी. फोन राहत नाही.”

मी मान डोलावली. ती मान माझीच होती.

पत्र मी लिहिलं. अर्ध्या पानाचं, साधं. एक फेब्रुवारीपासून हॅरो लेकमध्ये बाळंतपण होणार नाही. तारखेच्या तीन आठवडे आधी पोर्ट ॲडलरला जाऊन राहा, तिथल्या हॉस्पिटलसमोर खोलीची सोय आम्ही करू, भाडं लागणार नाही. त्या पत्राची मला आजही लाज वाटत नाही. वाटते ती पाकिटाची.

निळी पाकिटं माझी कल्पना होती. ऑक्टोबरमध्ये देणगीच्या आवाहनासाठी मी दोन तऱ्हा करून पाहिल्या होत्या. अर्ध्या घरांना नेहमीचं पांढरं छापील पाकीट, अर्ध्यांना फिकट निळं, हाताने लिहिल्यासारखा पत्ता, खरं तिकीट चिकटवलेलं. पांढऱ्याला शंभरातून दोघांनी उत्तर दिलं, निळ्याला सहा जणांनी. विश्वस्तांच्या बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मग प्रत्येक गोष्ट निळ्यातून जाऊ लागली. मेजवानीची तिकिटं, नाताळचं आवाहन, नव्या क्ष-किरण यंत्रासाठी आवाहन, त्या आवाहनाची आठवण. दोन महिन्यांत पाच वेळा. शेवटच्या वेळी उत्तरं शंभरात एकावर आली होती. पांढऱ्याहूनही कमी. तो आलेख मीच काढला होता.

आणि आलेखाचीही गरज नव्हती. आमच्याकडे शनिवारी दुपारी सौना पेटते. परसातल्या लाकडी खोलीत भट्टी, दगड, त्यावर पाणी. आजोबांनी बांधलेली. डिसेंबरच्या एका शनिवारी बाबा भट्टीपुढे उकिडवा बसला होता. शेजारच्या टोपलीत बर्चची साल आणि तिच्यावर निळी पाकिटं, न फोडलेली. त्याने दोन उचलली, पिळली, सालीखाली सारली आणि काडी लावली.

“बाबा, अरे उघडून तरी बघ!”

“बघायचं काय? पैसे मागतात. पण एक मान्य करायला हवं बाईसाहेब, तुमच्या हॉस्पिटलचा कागद झकास पेटतो. पांढरा नुसता धुमसायचा.”

मी हसले होते. खूप हसले होते. सोमवारी ग्वेनलाही सांगितलं आणि तीही हसली.

बावीस जानेवारीला पत्रं तयार झाली. ठळक लाल अक्षरांत ‘महत्त्वाचे, लगेच उघडा’ छापलेली पांढरी पाकिटं हवी होती, त्यांना छापखान्याने तीन दिवस मागितले. ग्वेनला दुसऱ्या दिवशी पत्रं जायला हवी होती, कारण ती गेल्याची तारीख हॉस्पिटलच्या वकिलांना हवी होती. माझ्या टेबलाखाली निळ्या पाकिटांचं खोकं पडलं होतं. मी वाकले आणि सतरा मोजून घेतली.

त्या क्षणी टोपली डोळ्यांपुढे आली नाही, असं मी अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. ते खरं नाही. आली होती.

बारा फेब्रुवारीला बर्फ सकाळपासून पडत होतं. मार्नीला दुपारी एकच्या सुमारास कळा सुरू झाल्या, तारखेच्या पंधरा दिवस आधी. ती शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं होती. लाकडाच्या कामावर असलेल्या डगशी लग्न करून गावापासून वीस मैलांवर तळ्याकाठी राहायला गेली होती. महिन्याची तपासणी अठ्ठावीस जानेवारीला होती, ती वादळामुळे रद्द झाली. नर्सेसना आम्ही सांगून ठेवलं होतं की तारखेबद्दल कोणी विचारलं तर जनसंपर्क विभागाकडे पाठवा. मार्नीने काही विचारलंच नाही. विचारणार कशाला? तारीख तिला माहीत होती. एक एप्रिल.

डगने तिला आमच्या दारात आणलं. प्रसूती विभागाच्या काचेच्या दाराला कुलूप होतं आणि आत खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने अकरा वर्षांत बाळंतपण केलं नव्हतं. वार आधीच सुटायला लागली होती, रक्त जात होतं. तिथे शस्त्रक्रिया करणारं कोणी नव्हतं. हेलिकॉप्टर त्या हवेत उडेना. पोर्ट ॲडलर एकाहत्तर मैलांवर. ॲम्ब्युलन्सपुढे काउंटीचा बर्फ सारणारा ट्रक लावला आणि तो ट्रक माझा बाबा चालवत होता.

दोन तास वीस मिनिटं. मुलगी वाचली. मार्नीही वाचली, गर्भाशय काढावं लागलं.

ती सहा तारखेला पोर्ट ॲडलरला राहायला गेली असती, तर खोलीच्या दारापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत तिला सहा मिनिटं लागली असती. हे अंतर मी नंतर नकाशावर मोजलं. मोजल्याशिवाय राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात बसला होता. समोर कॉफी, निसूचा तुकडा. वेलची घातलेला तो पाव तो एरवी दोन घासांत संपवतो. त्या दिवशी नुसता कुसकरत होता.

“मागे दिवा लुकलुकताना आरशात दिसत होता,” तो म्हणाला. “जरा अंतर पडलं की वाटायचं, थांबले की काय. वेगही वाढवता येईना. वाढवला तर पातं उडतं.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “त्यांना माहीत नव्हतं गं? डग वेड्यासारखा विचारत होता, एप्रिल म्हणाले होते ना, एप्रिल म्हणाले होते ना.”

“पत्र गेलं होतं.”

“कसलं पत्र?”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याची नजर चुलीपाशी ठेवलेल्या टोपलीकडे गेली आणि परत आली.

“निळं?” त्याने विचारलं.

मी उठून कप विसळायला लागले. कप स्वच्छ होता.

गावाने निकाल लावून टाकला. वाचनालयात, पेट्रोल पंपावर, पास्टीच्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या करंज्यांच्या, दुकानातल्या रांगेत मी एकच वाक्य ऐकलं: कळवलं होतं म्हणे, पत्र आलं होतं, तिनेच फेकून दिलं. मार्नीची सासू चर्चमध्ये म्हणाली की आजकालच्या मुलींना फोन बघायला वेळ असतो, टपाल बघायला नसतो. हे वाक्य गावात आलं कुठून, ते मला माहीत होतं. तेरा तारखेला वर्तमानपत्राने विचारलं तेव्हा आम्ही एक ओळ दिली होती. ‘संबंधित सर्व कुटुंबांना लेखी कळवण्यात आले होते.’ ओळ ग्वेनची, आकडा माझा. सतरापैकी सतरा.

सोळा तारखेला ग्वेनने मला बोलावलं. टेबलावर लॅन्सिंगला पाठवायचं निवेदन होतं, त्याला माझा तक्ता जोडलेला, खाली सहीची जागा.

“तक्ता तू केलास, म्हणून सही तुझी,” ती म्हणाली. “उद्या पाचपर्यंत जायला हवं.”

“ग्वेन, अजून बारा जणी आहेत. चौघींची बाळंतपणं पोर्ट ॲडलरला झाली, मार्नी पाचवी. बाराजणींची तारीख पुढे आहे. त्यांना निदान आता फोन करू या.”

“वकील नको म्हणतात.”

“का?”

“आता फोन केले तर आधी कळवलं नव्हतं असा अर्थ निघतो.” हे बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती. “आणि मार्नीची गोष्ट सगळ्या गावाला माहीत झालीय. आता कोण येणार आहे इथे?”

“वीस मैलांवरचं कोण काय ऐकतं, आपल्याला काय ठाऊक? तुम्ही त्यांना विचारलंय?”

“तू मला शिकवू नकोस.” मग तिचा आवाज खाली आला. “माझी दोन्ही मुलं त्याच विभागात झालीत, टाइमी. मी स्वतः तिथेच जन्मले. तो गेला. आता तातडीचा विभाग तरी राहू दे. तो बंद पडला तर पुढच्या वेळी ॲम्ब्युलन्स निघायलाही जागा उरणार नाही. हा निधी त्याचा आहे. मी काही स्वतःच्या खुर्चीसाठी करत नाहीये.”

ते खरं होतं, म्हणूनच तिच्याशी भांडता येईना. मी निवेदन घेऊन आले, सही न करता.

मार्नी त्याच दिवशी घरी आली होती. सतरा तारखेला सकाळी मी तळ्याकाठी गेले. जाताना निसू नेला, कारण आमच्याकडे बाळंतिणीच्या घरी कोणी रिकाम्या हाताने जात नाही. डब्याचं झाकण तीनदा पक्कं लावलं.

दार तिनेच उघडलं. चेहरा कागदासारखा पांढरा. मुलगी, विनी, चुलीजवळच्या टोपलीत झोपली होती. डग कामावर गेला होता.

“टाइमी लाहटी! शाळेत विज्ञानाचं बक्षीस न्यायचीस ती. ये, बस. मला फार वेळ उभं राहता येत नाही.” ती हळूहळू खुर्चीत टेकली. “तुझ्या वडिलांना सांग, डग येणार आहे भेटायला. रडल्याशिवाय आभार कसे मानायचे ते शिकला, की येईल.”

मी हसायचा प्रयत्न केला.

“तू हॉस्पिटलमधून आलीस ना?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती टेबलावरच्या एका दुपट्याची घडी उलगडत, मिटत होती. “मग बरं झालं आलीस. मला सांगायचंच होतं कोणाला तरी. सॉरी. पत्र आलं होतं गं. मला आठवतं. निळं होतं. मी हातात घेतलं, म्हटलं, झालं, परत देणगी, आणि चुलीत टाकलं. तुम्ही एवढं कळवलंत आणि मी…” तिने टोपलीकडे पाहिलं. “डग काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. हिला भाऊ नाही की बहीण नाही, एका पाकिटाच्या आळसापायी.”

माझ्या हातात अजून डबा होता. तो मी खाली ठेवला.

“तो आळस नव्हता,” मी म्हणाले. “माझ्या बाबानेही जाळली. न फोडता. डिसेंबरमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. लोक ती पाकिटं उघडत नाहीत हे मला माहीत होतं, माझ्याकडे त्याचा आलेख आहे. दुसरी पाकिटं छापायला तीन दिवस लागणार होते, म्हणून मी टेबलाखालची निळी घेतली. फोन करायचं मीच म्हणाले होते आणि नको म्हटल्यावर गप्प बसले. आणि पत्र टपालात पडलं की ‘कळवलं’ असं माझ्याच तक्त्यात लिहिलं जातं. ते मी तसं ठरवलं.”

मी एका दमात बोलले. तिला सगळं नीट कळावं म्हणून क्रमाने बोलले. तो क्रम माझा मलाच किळसवाणा वाटला.

मार्नीने दुपट्याची घडी टेबलावर ठेवून दिली. चुलीत लाकूड सरकल्याचा आवाज आला.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि पाच दिवस सगळं गाव मला नावं ठेवतंय.”

“हो. मार्नी, मी फार…”

“नको.” तिने हात वर केला. “तुझं सॉरी मला नको. मी ते ठेवू कुठे?” मग तिने अगदी वेगळ्या, कामाच्या आवाजात विचारलं, “माझ्यासारख्या आणखी किती आहेत?”

“बारा.”

“त्यांना फोन केलेस?”

मी डब्याच्या झाकणाकडे पाहिलं.

“टाइमी, तू इथे निसू घेऊन बसलीयस,” ती म्हणाली, “आणि त्यांना फोन केले नाहीस?”

परतीच्या वाटेवर मी गाडी कशी चालवली आठवत नाही. साडेअकराला ऑफिसात पोहोचले. हॉस्पिटलचाच फोन घेतला, म्हणजे त्यांच्याकडे हॉस्पिटलचं नाव उमटेल. तारखेच्या क्रमाने सुरुवात केली. प्रत्येकीला दोनच प्रश्न. बाळंतपणाला कुठे जाणार आहात? आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं?

पहिलीला बहिणीने सांगितलं होतं, बहीण नर्स होती. दुसरी म्हणाली, “कुठे म्हणजे? तिकडेच. बॅगसुद्धा भरून ठेवलीय. पोर्ट ॲडलर? नाही हो, ते एप्रिलपासून.” तिची तारीख अकरा दिवसांवर होती. मी सांगितलं तेव्हा पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग ती मला शिव्या द्यायला लागली. मी ऐकून घेतल्या. मग खोलीचा पत्ता दिला.

“मार्नीचं ऐकलं होतं,” चौथी म्हणाली. “पण ती हवेमुळे अडकली ना? वर्तमानपत्रात तसं होतं.”

सहाव्या फोनच्या वेळी ग्वेन दारात आली. ती काही क्षण ऐकत उभी राहिली, मग आत येऊन दार लावलं.

“खाली ठेव तो फोन.”

मी रिसीव्हरवर हात ठेवला. “सहा झाल्या. चौघींना माहीत नव्हतं.”

“मी तुला नको म्हटलं होतं.”

“हो. चौघींना माहीत नव्हतं, ग्वेन.”

“आकडा सांगू नकोस मला!” ती ओरडली. सव्वीस वर्षांत तिला ओरडताना कोणी ऐकलं नसेल. मग ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली, कोट न काढता. “तुला कळतंय का तू काय केलंस? तू सांगितलंस. आता मला हे माहीत आहे. आता मी ते निवेदन पाठवू शकत नाही.”

“माझी सही नव्हतीच त्यावर.”

“तुझ्या सहीशिवायही पाठवणार होते.” तिने कपाळ चोळलं. “तातडीचा विभाग बंद पडला तर तो तुझ्याच नाही, माझ्याही माथी येणार आहे. हे लक्षात ठेव.”

“ठेवते,” मी म्हणाले. तेही माझ्या डोक्यावर आहे, अजून आहे. लॅन्सिंगचा निर्णय अजून आलेला नाही.

रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता, “हॅलो? हॅलो?” ग्वेनने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बोल तिच्याशी,” ती म्हणाली आणि उठून गेली. तिने मला मदत केली नाही. पुन्हा अडवलंही नाही.

दोन वाजेपर्यंत अकरा झाल्या. सहाजणींना माहीत नव्हतं. पाचजणींना माहीत होतं, त्यांतल्या एकीनेच पत्र उघडून वाचलं होतं. अकरापैकी एक. माझा आलेख असा खरा ठरावा हे मला नको होतं.

मी शेवटच्या रकान्यातलं सूत्र पुसून टाकलं. प्रत्येक ओळीत त्या बाईचं उत्तर तिच्या शब्दांत लिहिलं. पाचव्या ओळीत लिहिलं: नाही. तक्ता ग्वेनला आणि विश्वस्तांना पाठवला, आणि खाली एक ओळ: वर्तमानपत्राला दिलेला आकडा चुकीचा होता, तो मी दिला होता, दुरुस्ती उद्याच्या अंकात जावी.

जिला सगळ्यात आधी फोन लावला होता, ती अजूनही उचलत नव्हती. डेल्फीन बोशां, तारीख तेवीस फेब्रुवारी, म्हणजे सहा दिवसांवर. जुन्या खाणीच्या रस्त्याच्या अगदी टोकाला राहते. बाबाला फोन केला. तो म्हणाला, “तो रस्ता माझ्या यादीत संध्याकाळी आहे. आता घेतो. मागे राहा, फार जवळ येऊ नकोस.”

चार वाजता उन्हाचा एक पट्टा झाडांवर होता. ट्रकच्या पात्यावरून बर्फ दोन्ही बाजूंना उडत होतं आणि मी त्याच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून जात होते. मार्नीच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर असाच चालवत गेला असेल. रस्ता संपला तिथे लाकडी घर होतं, धुराड्यातून धूर येत होता. बाबा ट्रकमध्येच थांबला.

मी दार ठोठावलं. आत पावलं जड वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दार वीतभर उघडलं. फटीतून मोठं पोट, लोकरी मोजे आणि एक वैतागलेला चेहरा.

“कोण?”

“मी हॉस्पिटलमधून आलेय.”

“देणगीबिणगी काही मिळणार नाही हं,” डेल्फीन म्हणाली आणि दार लावायला लागली.

मी फटीत हात घातला. दार बोटांवर आलं.

“देणगी नकोय,” मी म्हणाले. “पाचच मिनिटं ऐक. आणि मी काय सांगितलं, ते मला परत म्हणून दाखव.”